भिकूची हजेरी

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नव्हती. विश्रामआबांनी आम्हा मुलांना तशी ताकीद दिली होती, आणि देताना ते माझ्याकडेच बघत होते. भुकूममधल्या नव्या सोसायटीच्या फाटकावर ते आता रात्रपाळी करतात. त्याआधी तीस वर्षं त्यांनी टँकर चालवला. परवा लाईट गेली तेव्हा त्यांच्या खुर्चीभोवती बसून आम्ही ही ऐकली. त्यांच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरवर ओढवलेली.

त्याचं नाव चंद्रकांत. ॲसिडचा टँकर चालवायचा. असला धोक्याचा माल नेणाऱ्याला वर्षातून एक दिवस उजळणीच्या वर्गाला बसावं लागतं, तरच लायसन्सवरचा शिक्का चालू राहतो. तिथं हजेरी, चहा, पडद्यावर चित्रं, जेवण, परत चहा. एकानं बसायचं आणि दोघातिघांची हजेरी लावायची, ही ड्रायव्हर लोकांची जुनी रीत. चंद्रकांत आपल्या जोडीदाराची, मुठा गावच्या भिकूची लावायचा. भिकूचा उजवा अंगठा कधीतरी ॲसिडनं भाजून गुळगुळीत झाला होता, त्यावर एक रेघ उरली नव्हती. रेशनच्या मशीनलासुद्धा तो ओळखू यायचा नाही. चंद्रकांत त्याला म्हणायचा, "तू मेलास तरी सरकारला कळायचं न्हाई."

आणि तो मेलाच. भातकापणी होती म्हणून भिकू घरी राहिला, वर्गात त्याची हजेरी चंद्रकांतनं लावली. पुढच्याच महिन्यात ताम्हिणीच्या एका वळणावर भिकूच्या टँकरची झडप फुटली. धूर सुटला. भिकू पाण्यासाठी उताराला, ओढ्याकडं पळाला. धूरही उतारालाच गेला. भिकू ओढ्यातच सापडला. हजेरीचं चंद्रकांत कुणाजवळ बोलला नाही.

वर्ष सरलं. चौदा नोव्हेंबर दोन हजार चोवीस, गुरुवार. अमावस्या वगैरे काही नव्हती, चांगलं टिपूर चांदणं होतं. माणगावकडं माल उतरवून चंद्रकांत रिकामा टँकर घेऊन घाट चढत होता. सकाळी नऊला त्याचा स्वतःचा उजळणीचा वर्ग. चुकला तर शिक्का जाणार, आणि शिक्का गेला तर टँकर हातातून गेला.

पावणेबाराला ते वळण आलं.

केबिनमध्ये वास आला. नाकात सुया टोचाव्यात तसा. त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि दाराला हात लावला. तेव्हा शेजारच्या सीटवरून कुणीतरी विचारलं,

"कुनीकडं पळतुयास?"

चंद्रकांतनं मान वळवली नाही.

"सांग की. माज्या नावानं बसला हुतास न्हवं वर्गात? वास आला तर कुनीकडं पळायचं?"

त्याला आठवेना. त्या दिवशी तो मागच्या बाकावर मोबाईल बघत होता. दोघांची हजेरी, आणि कानावर एका शब्दाचीही नाही.

"वाऱ्याच्या..."

"फुडं?"

चंद्रकांतचा हात दाराची कडी चाचपत राहिला.

शेजारचा नाकातून हसला. भिकू असाच हसायचा. "म्हंजी तुलाबी ठावं न्हाई. बस मग हितंच."

काच धुरकटली. डोळे पेटले. श्वास आत जाईना. दार कसंबसं उघडलं. चंद्रकांत रस्त्यावर पडला. खाली ओढा वाजत होता. पाणी. पाय आपोआप तिकडं वळले. चार पावलं. पाचवं... आणि तो थबकला.

भिकू तिथंच सापडला होता.

तो उलटा फिरला. वर. डोंगराच्या अंगाला. हातापायांवर. करवंदीच्या काट्यांतून. वरनं वारं लागलं, तेव्हा छातीत हवा शिरली.

खालून, ओढ्यातून, आवाज आला. शांत.

"हे वर्गात न्हाई शिकलास. माज्याकडनं शिकलास. उद्या तुजी हजेरी मी लावतो."

उजाडेपर्यंत चंद्रकांत खाली उतरला नाही. वर्गात पोचायला साडेदहा झाले. टेबलाशी हजेरी घेणाऱ्या रजनीबाईंनी वर न बघताच सांगितलं, की तुमची हजेरी नऊलाच झालीय, शेवटच्या बाकावर तुम्हीच होतात ना. त्यानं वही ओढून घेतली. सगळ्यांच्या सह्या होत्या. त्याच्या नावासमोर निळ्या शाईचा अंगठा होता. गुळगुळीत. एकही रेघ नसलेला.

मग चंद्रकांतचं काय झालं, असं आमच्यातल्या पिंकीनं विचारलं. आबांनी खुर्चीखालची बॅटरी हातात घेतली. "हजेरी दुसऱ्यानं लावली की काय हुतं, ते भिकूचं ऐकलं न्हवं?" एवढं बोलून त्यांनी बॅटरी विझवली.

माझे बाबाही टँकरवर आहेत. त्यांचा उजळणीचा वर्ग उद्या आहे. काल ते त्यांच्या जोडीच्या ड्रायव्हरला, निरंजनदादाला, फोनवर सांगत होते, की मी झोपणार आहे, तू माझी सही ठोकून दे. मला त्यांच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून हे सगळं लिहून त्यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवणार आहे. वर्गात द्यायचा त्यांचा हजेरीचा कागद टीव्हीशेजारी ठेवलाय. संध्याकाळी नुसतं नाव भरलेलं होतं, सहीची चौकट कोरी होती, मी नीट बघितली होती. आता तिथं निळा डाग आहे. आई हाक मारतेय, दारात कुणी बाबांना विचारतंय म्हणून. जाते. पण मी कागद दिव्याखाली धरून बघितला, तो डाग नाही, अंगठा आहे, आणि त्यावर एकही