शेपटीचं अधिक

छपाईत राहून गेलेली अधिकची खूण सर्किट बोर्डावर हाताने करायची, हे थोरलीचं काम. हातात पांढऱ्या शाईचं पेन आणि डोळ्यांत तेल. काम सोपं वाटतं, पण फसवं. नळकांड्यासारख्या कपॅसिटरवर पट्टी असते ती उणेची; पिवळ्या, चपट्या कपॅसिटरवर तीच पट्टी अधिकची. उलटा बसला की वीज सोडताच पेटतो.

तीन वर्षांपूर्वी या पट्टीने तिला चकवलं. तिने अधिक भलत्याच टोकाला काढलं, शेजारच्या बाकावर धाकट्या बहिणीने ते पाहून कपॅसिटर बसवला, आणि चाचणी करणाऱ्याचा हात भाजला.

"मीच उलटा बसवला," धाकटी म्हणाली.

थोरलीच्या पदरी दोन मुलं. ती मूग गिळून बसली. धाकटीची नोकरी गेली, आणि हाय खाऊन वर्षभरात तीही गेली. जळका बोर्ड थोरलीने फडक्यात बांधून ड्रॉवरमध्ये ठेवला. फेकवेना आणि दाखववेना.

गेल्या सोमवारी एका बोर्डावर तिच्याआधीच खूण झालेली होती. अधिकच्या आडव्या रेघेला बारीक शेपटी. धाकटी शाळेच्या वहीतली गणितंसुद्धा अशीच मांडायची. थोरलीने थिनरने खूण पुसली. मंगळवारी सात बोर्डांवर तेच. गुरुवारी अख्खा ट्रे. एकही खूण चुकीची नव्हती.

शुक्रवारी सकाळी तिने फडकं सोडून पाहिलं. तिचं चुकलेलं अधिक जागच्या जागी होतं. फडकं पुन्हा बांधून, चहाच्या सुट्टीत ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, चूक माझी होती. तिने माझी खूण पाहून बसवला. हा पुरावा. निदान तिचं नाव तरी साफ करा."

साहेबांनी चष्मा लावला, गाठ सोडली, बोर्ड दिव्याखाली धरला. मग बोटाने चाचपला.

"बाई, खूण तर बरोबर आहे."

ती वाकली.

तिचं अधिक नव्हतं. दुसऱ्या टोकाला, बरोबर जागी, एक होतं. शेपटीचं.

"बहिणीसाठी स्वतःवर घेताय," साहेब हळूच म्हणाले. "कळतं मला. पण आता जाऊ द्या."

"आता तरी मला बोलू द्यायचं होतंस गं," ती पुटपुटली.

साहेबांनी बोर्ड परत केला. मग स्वतःच्या बोटाकडे पाहत राहिले.

बोटाला पांढरी, ओली शाई लागली होती.