आईला घरात घेताना

वडिलांना कायमचं आपल्याकडे न्यायला देवयानी सकाळीच मिल्टन कीन्सहून गाडी घेऊन निघाली. ब्रिस्टलचं घर विकलं गेलं होतं आणि बारा वाजता किल्ल्या द्यायच्या होत्या. ती पोचली तेव्हा सामान हललेलं होतं. नव्या मालकांनी ठेवून घेतलेल्या एकुलत्या एका सोफ्यावर ज्ञानेश्वरराव बसले होते, मांडीवर टॅबलेट आणि त्यात तो जपानी सिनेमा.

महिनाभर रोज तोच. त्यात होतं काय, तर एक साठीचा माणूस आपल्या गावी परततो, बंद घर उघडतो, केर काढतो, भात शिजवून खातो. शेवटी दारात उभा राहून ‘आलो’ म्हणतो आणि आतून कोणी ओ देत नाही. संपलं. देवयानीला दहा मिनिटांत झोप यायची.

“बाबा, चला ना. बाराला कीज द्यायच्या आहेत.”

“याला कोणी घरात घेतलंच नाही बघ,” बाबा म्हणाले. “तुझ्या आईसारखं.”

दोन वर्षांपूर्वी आई हॉस्पिटलमध्ये वारली, तेव्हा तिला घरी न आणता थेट क्रेमेटोरियमला न्यायचं देवयानीनेच ठरवलं होतं. सगळ्यांच्या सोयीचं होतं म्हणे. त्याची टोचणी तिला अजून होती.

“आधी तिला घरात घे,” बाबा म्हणाले. “मग बघू.”

आता याला काय म्हणावं? पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळतात, पायांवर पाणी घालतात, एवढं तिला आईकडे बघून ठाऊक होतं. भाकरी कुठली मिळायला! तिने सँडविचच्या ब्रेडचा तुकडा मोडला, बाटलीत पाणी भरलं आणि दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरची बाई कचऱ्याचा बिन आत घेत होती. देवयानीने ओशाळत रिकाम्या हवेवरून तुकडा ओवाळला आणि पायरीपुढच्या लादीवर पाणी ओतलं.

तुकडा टाकायला ती बाजूने बाहेर उतरली आणि वळली.

लादी ओली झाली होती. मधोमध दोन पावलांएवढी जागा तेवढी कोरडी होती, बोटं घराकडे. उजवा अंगठा आत वळलेला... आईचा तसाच होता.

तिच्या डोळ्यांदेखत उजव्या पावलाची जागा भिजली. मग डाव्याची.

“बाबा...”

बाबा वॉकर धरून पॅसेजमध्ये आले होते. त्यांचं देवयानीकडे लक्षच नव्हतं. कितीतरी दिवसांनी ते हसत होते.

“ये,” ते हलकेच म्हणाले. मग लेकीकडे वळून, नेहमीच्या आवाजात, “आता हिला एकटं टाकून मी कुठे येऊ गं? तू नीघ. मोटरवेवर ट्रॅफिक लागेल.”

दार लागलं. देवयानी धावली. तिने किल्ली फिरवली, पण दार हलेना. तिला रडू फुटलं. “बाबा, उघडा! प्लीज!”

दाराच्या जाड काचेतून बाबा वॉकर सरकवत दूर जाताना धूसर दिसत होते. ते पार आतल्या खोलीत पोचले, सोफ्यावर टेकले, आणि त्यानंतर काचेला लागूनच, आतल्या बाजूने, कोणीतरी सावकाश दाराची साखळी लावली.