हळू उतरवायचं असतं

दिवा राहू दे बंद. बसा असेच. हे मला खुद्द डॉक्टर चंद्रप्रकाशनी सांगितलंय, आपल्या चारकोपच्या नाक्यावर दवाखाना आहे ना, ते.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. दवाखाना बंद करून निघताना त्यांना विशालचा फोन आला. आईचं डोकं भयंकर दुखतंय, समोरचं धूसर दिसतंय. डॉक्टर बॅग घेऊन तसेच त्याच्या घरी गेले. दोन खोल्यांचं बैठं घर, राहणारे मायलेक दोघंच.

आईच्या, शेवंतीबाईंच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, तर पारा दोनशेतीसवर. डॉक्टरांनी लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. विशाल रडवेला झाला होता. इथेच काहीतरी देऊन उतरवा म्हणाला. डॉक्टरांनी त्याला समजावलं, की पूर्वी कॅप्सूल टोचून आतलं औषध जिभेखाली सोडायचे. प्रेशर धाडकन खाली यायचं, पण कुठवर येईल ते कुणाच्या हातात नसायचं. मेंदूला रक्तच पुरायचं नाही. सलाइनमधून थेंब थेंब दिलं, की जास्त उतरतंय वाटलं तर थांबवता येतं. पण ते हॉस्पिटलातच.

विशाल गाडीला वाट दाखवायला गल्लीच्या तोंडाशी गेला. तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. अंगात सदरा, खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. डॉक्टरांना वाटलं, गावाहून कुणी आलं असेल.

“जिभेखाली दी,” तो म्हणाला. “बेगीन उतरतलां.”

डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, शांतपणे. हळू उतरवायचं असतं, आजोबा. एकदम उतरवलं तर माणूस जातो.

“म्हायत आसा,” म्हातारा म्हणाला. “मी थांबलंय.”

गाडीसाठी थांबलाय, असं डॉक्टर समजले.

शेवंतीबाईंनी डोळे उघडले. दाराकडे बघितलं... आणि डोक्यावरून पदर घेतला.

मग उठायला लागल्या.

डॉक्टरांनी त्यांचा खांदा दाबून धरला. खांदा गार. बाई दाराकडेच बघतायत. पाय खाली सोडतायत...

बाहेर भोंगा वाजला. डॉक्टरांनी वळून पाहिलं.

दारात कुणी नाही.

विशाल धावत आत आला. डॉक्टरांनी विचारलं, “आजोबा येतायत ना बरोबर?”

“कोण आजोबा?”

डॉक्टर आत जाऊन आले. ओटा. मोरी. भिंत. दुसरं दार नाही.

म्हातारा कसा दिसत होता, काय बोलला, ते त्यांनी सांगितलं. स्ट्रेचर आत आलं, तसे विशालने आईचे पाय उचलून वर ठेवले. मग हळूच म्हणाला, “बाबांना जिभेखालीच दिलं होतं. त्यातच गेले.”

बाई वाचल्या. हॉस्पिटलात रात्रभर थेंब थेंब औषध चढवलं, पहाटेला डोकं दुखायचं थांबलं, माणसं ओळखायला लागल्या. म्हातारा काही कुणी पुन्हा पाहिला नाही.

फक्त एक. गडबडीत डॉक्टरांचं बीपीचं यंत्र त्या घरात राहिलं होतं. बाहेरच्या खोलीत, पलंगावर. सकाळी विशालने कुलूप उघडलं, तर ते आतल्या खोलीत. जमिनीवर. पट्टा कुणाच्या तरी दंडाला बांधल्यासारखा गोल, हवेने टम्म फुगलेला.

आत दंड नाही.

आणि पारा... शून्यावर.