अंबत्तूरची रिकामी शेड

शेडमधला दिवा लागला आणि विद्युलताच्या लक्षात आलं, आपल्याला पुन्हा उशीर झाला.

कर थकवलेल्या कारखान्यातली यंत्रं जप्त करायला ती अंबत्तूरला आली होती. शटर वर गेलं तेव्हा आत मिट्ट काळोख होता. "मीही पहिल्यांदाच येतोय इथं, जपून चाल," म्हणत जयतीर्थमामा पुढे झाले. लोखंडी कपाटामागे हात घालून त्यांनी दिवा लावला. यंत्रांच्या जागी तेलाचे ओले डाग होते आणि कापलेले बोल्ट.

जयतीर्थ वसुली खात्यातले तिचे वरिष्ठ. तंजावरकडचे, वडिलांचे मित्र. वडील गेल्यावर त्यांनीच तिला हाताशी धरून काम शिकवलं होतं.

मालक कृष्णाजी कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते.

"यंत्रं कुठं आहेत?"

"विकली, अम्मा. काल नेली."

"कुणी?"

कृष्णाजींनी तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. दिवा लावून मामा दारात परतले होते, शेजारी नवा ड्रायव्हर वेंकट उभा होता.

"तडजोडीच्या बैठकीला का आला नाहीत? व्याज माफ झालं असतं. मूळ कर हप्त्यांनी फेडता आला असता."

"सही केली की तुरुंगात टाकतात, असं कळलं."

"कुणाकडून?"

पुन्हा दाराकडे नजर.

मागच्या जप्तीलाही असंच झालं होतं. तेव्हा मुरली गाडी चालवायचा. "गाडीवाल्याला सगळं ऐकू जातं, बाळ," असं मामा म्हणाले आणि तिनं मुरलीला काढून टाकलं. म्हणून आज वेंकटला तिनं प्रत्येक वळण गाडीत बसल्यावरच सांगितलं होतं.

"हाही तसलाच दिसतो," मामा आता जवळ येऊन तिच्या कानाशी पुटपुटले.

विद्युलता बराच वेळ कपाटाकडे पाहत राहिली. मग तिनं वेंकटला बाहेर पाठवलं.

"वेंकट नव्हे, मामा. यंत्रं काल हलली, त्याला पत्ता आज कळला. मुरली तर कधीच गेला. जप्तीचा हुकूम मी लिहिला आणि सही तुम्ही केली. तिसऱ्या कुणाला तो माहीत नव्हता."

"म्हणजे माझ्यावर संशय?"

"इथं पहिल्यांदा आलात ना? मग अंधारात, कपाटाआडचं बटण न चाचपडता कसं सापडलं?"

मामा हसायला गेले. हसू जमलं नाही.

"कृष्णाजी," ती म्हणाली, "आता दाराकडे पाहू नका. माझ्याकडे पाहून सांगा."

कृष्णाजींचा आवाज फुटला. "हेच यायचे, अम्मा. म्हणाले, तडजोड म्हणजे सापळा. कराचा खटला लांबव, यंत्रं माझ्या जावयाला दे. ह्यांचा जावई तो, तरुण नावाचा. निम्म्या भावात नेली. खटला मिटला असता तर माझा कारखाना राहिला असता?"

"राहिला असता."

कृष्णाजींनी तोंड झाकून घेतलं.

"बाळ," मामा म्हणाले, "तुझ्या वडिलांसाठी मी काय केलंय ते विसरू नकोस."

"विसरले नाही. म्हणून तर तुमच्याकडे संशयानं बघायचं सुचलं नाही."

तिनं वरच्या कार्यालयाला फोन लावला, मामांच्या देखत सगळं सांगितलं.

संध्याकाळी तिनं मुरलीला फोन केला. तो कोवलमला मासळीचा टेम्पो चालवत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"कामावर परत ये, मुरली. चूक माझी होती."

पलीकडे टेम्पोचं इंजिन बंद झालं.

"येईन, मॅडम, पोरांच्या शाळेची फी भरायचीय," तो म्हणाला. "पण त्यांनी माझं नाव घेतलं, तेव्हा तुम्ही मला एकदा विचारायचं होतं."