मधल्या सीटचा दिवा

काल्हेरला मी गेलो होतो तो एका गाडीचा फोटो काढायला. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. बातमीदारीत केस पिकले, ती खोड गेली नाही.

बातमी साधी होती. एका मोटार कंपनीने स्वस्त गाडी काढायची ठरवली, तेव्हा आधी एक नमुना बनवला. त्यात पाचही सीटखाली सेन्सर होते. माणूस बसला की समोर त्या सीटचा दिवा लागायचा, आणि तो पट्टा लावेपर्यंत गाडी कोकलत राहायची. मग हिशेब करणाऱ्यांनी मागच्या तिन्ही सीटचे सेन्सर काढून टाकले. मागे बसणारा पट्टा लावतो कुठे, हे कारण! बाजारात आली ती मुकी गाडी. बोलणारी एकच होती. ती एका प्रदर्शनात मिरवली आणि काल्हेरच्या गोदामात येऊन पडली. आता तिचा चुरा करायचा हुकूम निघाला होता. संध्याकाळी ट्रेलर येणार, म्हणून मी दुपारीच पोचलो.

गोदामाचे मालक केसरीनाथ तरे. खाडीकाठच्या भातशेतीवर गोदामं उभी करणाऱ्यांपैकी एक. अंगठ्या घातलेला हात त्यांनी शटरवर ठेवला होता, पण ते वर करत नव्हते.

"या पेपरवाले. माणूस मेल्यावर येता, आता गाडी मरताना पण आलात."

"तुम्ही जागा देता म्हणून कंपन्यांना पुरावे लपवता येतात," मी म्हटलं.

"मी भाडं घेतो. पाप न्हाय घेत." ते हसले, पण हसू टिकलं नाही. "आत माझी बहीण हाय. कमळाबाय. तिची मृणाली गेल्या वर्षी ह्याच रस्त्यावर गेली. ह्याच कंपनीच्या गाडीत, मागं बसलेली. पट्टा न्हवता लावला… हळू बोला आत."

त्यांनी शटर अर्धंच उचललं आणि आम्ही वाकून आत शिरलो. बाहेर ऊन होतं, पण गोदामाला खिडकी नव्हती आणि वीज गेलेली. वरचा पत्रा उन्हाने तडतडत होता. पुठ्ठा, रबर आणि उंदरांचा वास. खोक्यांच्या भिंतींमधून पुढे गेलो, तसा तो आवाज ऐकू आला. टिंग… टिंग… टिंग… मग मध्येच थांबला, कुणीतरी समजूत घातल्यासारखा.

गाडी कोपऱ्यात होती. चाचणीच्या गाड्यांना आकार लपवायला काळ्यापांढऱ्या नक्षीचं स्टिकर लावतात, तसं अंगभर लावलेलं. वायपरवर झेंडूचा वाळका हार. आत काचेखाली पाच लहान दिवे लागलेले.

पाचही सीट रिकाम्या होत्या. पाचही पट्टे लावलेले होते.

"बॅटरी काढली की बंद होईल," मी म्हटलं.

केसरीनाथांनी बॉनेट वर केलं आणि मोबाइलचा प्रकाश टाकला. बॅटरीची जागा मोकळी होती. वायरींच्या टोकांना चिकटपट्टी, तिच्यावर धुळीचा थर.

मी गाडीखाली आडवा झालो. कुठून वायर आणली आहे का, ते चाचपलं. चाकांमागे पाहिलं. लोक फसतात, मी फसत नाही, असा माझा आयुष्यभराचा ताठा. हाताला काळं लागलं, बाकी काही सापडलं नाही.

"झाला का शोध भाऊ?" मागच्या डाव्या दाराशी स्टुलावर एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, मांडीवर तांदळाचं ताट. "बसा आता. मना तुमची गरज हाय."

कमळाबाय धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई ती धवलारीण. मांडवात देवांना आणि पितरांना नावं घेऊन तीच बोलावते, आणि लग्न उरकलं की तीच माघारी पाठवते.

दसऱ्याला गोदामातल्या सगळ्या वाहनांना हार घालताना त्या ह्या गाडीपाशी आल्या. ही बोलते, हे भावाने सांगितलेलं. "मी म्हनलं, ह्या गाडीत असती तं माजी पोर वाचली असती. म्हनून तिला हाक मारली. मृणाली, ये, ह्यात बस." त्यांनी तांदळावरून हात फिरवला. "पन जिभेला सवय वाईट. मांडवात नावं घेऊन झाली का शेवटाला म्हनाचं असतं, वाटंवरलं या, चुकलेलं या, नाव राहिलं असंल तं तुमीबी या. कोनी रुसू नाय म्हनून. तेबी म्हनून गेले, भाऊ. पोरीमागं सगली वाट आली."

पत्रा तडतडला. मी दिव्यांकडे पाहत राहिलो.

"आज गाडी चेपतील," त्या म्हणाल्या. "माजी पोर येकदा चेपली. दुसऱ्यांदा न्हाय चेपू देनार. पन पाठवनी कराची तं नाव लागतं, गाव लागतं. आनि येकट्या पोरीला उठवाची रीत न्हाय. पंगत सगली उठली, तरच घरचं मानूस उठतं. ह्यांची नावं मना ठाऊक न्हायत."

"ह्याला सगली ठाऊक हायत," केसरीनाथ माझ्याकडे न बघता म्हणाले. "म्हनून तर आत घेतला."

ठाऊक होती. ह्या रस्त्यावरचं प्रत्येक नाव मी ऑफिसला पाठवलं होतं, आणि तिथल्या शहाण्यांनी प्रत्येक वेळी ते कापून 'अन्य तिघे ठार' असलंच काही छापलं होतं. जागा नाही म्हणे! जाहिरातीला जागा असते. ह्या भांडणांनीच ती नावं माझ्या डोक्यात पक्की केली होती.

मी एकेक घेत गेलो. कमळाबाय ते नाव उचलून तांदूळ टाकायच्या आणि म्हणायच्या, "जेवला, बसला, आता घरा जा." बऱ्याच नावांना काहीच झालं नाही. ज्यांना गाडीत जागा मिळाली नव्हती ते कुठे उभे होते, हे मी विचारलं नाही.

"प्रितम, राहणार काल्हेर."

चालकाच्या सीटचा पट्टा खट् करून सुटला आणि सरसरत वर गेला. दिवा विझला.

"बुधी. मजूर, पाड्यावरची." छापताना हिची 'आदिवासी महिला' केली होती. पुढचा दुसरा पट्टा सुटला.

"तुळशीराम, नारपोली. कापडाच्या लूमवर होता." मागचा उजवा.

कमळाबाय उठल्या. मागच्या डाव्या सीटवर हात ठेवून त्यांनी, शाळेला उशीर झालेल्या मुलीला उठवावं तसं म्हटलं, "मृणाली. चल गो बाय. उतर."

पट्टा सुटला. दिवा विझला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मधला दिवा मात्र लागलेलाच होता.

मी आठवतील तेवढी नावं घेतली. काही दोनदा घेतली. मधला पट्टा हलला नाही. आणि मग… डावा पट्टा आपोआप ओढला गेला, सीटवरून आडवा आला, खट् करून बसला. मृणालीचा दिवा परत लागला.

"परत का बसली ही?" केसरीनाथ कुजबुजले.

कमळाबायंचा हात सीटवरून मधल्या जागेकडे सरकला आणि थबकला.

"केसरी… गेली त्या दिवशी ती फोन न करता का येत व्हती रं माज्याकडं?"

"मना काय ठाऊक, बाय."

"काहीतरी तोंडानंच सांगाचं व्हतं तिला." त्यांचा हात मधल्या सीटवर टेकला. "येकटी न्हवती ती. कोनाला म्हाईतच न्हवतं… आनि जल्मलं न्हाय त्याला नाव कुठलं?"

बाहेर ट्रेलरचा हॉर्न वाजला. केसरीनाथ जागचे हलले नाहीत.

कमळाबायंनी डोक्यावरून पदर घेतला. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगतात तशा त्या गाडीत वाकल्या, मधल्या सीटच्या अगदी खालपर्यंत, आणि काहीतरी पुटपुटल्या. मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच.

दोन्ही पट्टे एकदम सुटले. काचेखाली काळोख झाला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "पाठवनी येशीवर सोडली का पुरी होते. ह्यांना तुमच्या गाडीत घ्या, खाडीचा पूल वलांडा, दार उघडा, नावं घेऊन उतरवा. आई गेली तं पोर उतरत न्हाय. मामाबी नको. परका मानूस पायजे."

मी हे मानत नाही, असं सांगायला तोंड उघडलं आणि "बरं" म्हणालो.

तिन्हीसांजेला निघालो. माझी गाडी जुनी, तिला मागचं काही कळत नाही. आरशात पाहिलं नाही. कशेळीचा पूल ओलांडून कडेला थांबलो, मागचं दार उघडलं. मागून ट्रकवाले शिव्या घालत होते. मी मोठ्याने म्हटलं, प्रितम, उतर. बुधी, उतर. तुळशीराम, उतर. मृणाली, उतर.

पुढचं नाव घ्यायला गेलो, आणि तेव्हा लक्षात आलं, बाळाचं नाव मी ऐकलंच नव्हतं. केसरीनाथांना फोन केला. त्यांनी बहिणीला विचारलं. पलीकडे ट्रेलरचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "न्हाय सांगत ती. येकदा कानात घातलेलं परत तोंडावर घेत न्हाईत, म्हनते. मना वाटलं तुमी ऐकलं असंल."

मी "बाळा, उतर" म्हणालो. दार लावलं. घरी आलो.

सकाळी गाडी पुसायला गेलो. मागच्या मधल्या सीटचा पट्टा कधी कुणी वापरलेला नाही. तो गादीखाली दबलेला असायचा. तो वर आला होता आणि लावलेला होता. ओढून इतका आखूड केलेला, की आत माझी मूठ जेमतेम मावली असती.

डावीकडचाही लावलेला होता.