लोहितपूरची हवापट्टी

मंगळावरच्या लोहितपूर वस्तीचं उत्पन्न दरवर्षी वाढत होतं. तरीही वस्तीवरचं कर्ज त्याहून भराभर वाढत होतं. असं कसं? अकरा वर्षांच्या स्वरदाला हे कोडं पडलं ते तिच्या आत्यामुळे.

आत्या, म्हणजे डॉ. विभावरी खारकर, वस्तीची अर्थप्रमुख होती. यंदा वर्धापनदिनी हवापट्टी (श्वासाची हवा तयार करण्यासाठी घरटी घेतली जाणारी रक्कम) कायमची माफ करावी, असं बहुतेकांच्या मनात होतं. आत्या एकटीच नको म्हणत होती.

"शाळेत सगळे तुला कंजूष म्हणतात," स्वरदा रडवेली होऊन म्हणाली. "दे ना माफी!"

आत्या रागावली नाही. तिनं भिंतीवरचा पडदा सुरू केला.

"असं धर, वस्तीला वर्षाला शंभर रुपये मिळतात आणि खर्च होतो एकशे दहा. वरचे दहा कुठून आणायचे?"

"उसने."

"ती झाली तूट (उत्पन्नापेक्षा जास्त झालेला खर्च). ती एका वर्षाची. अशा तुटी साचत गेल्या की होतं कर्ज. आपण पृथ्वीवरच्या लोकांना रोखे (पैसे व्याजासह परत करण्याचं लेखी वचन) देतो आणि त्यांचे पैसे वापरतो. मग पुढच्या वर्षी खर्च किती?"

"एकशे दहाच."

"आणि व्याज?"

स्वरदानं जीभ चावली. "अगं, म्हणजे व्याज भरायलाही पुन्हा कर्ज!"

"तेच चाललंय."

"मग कर्ज घ्यायचंच कशाला?"

"बर्फाची खाण आपण कर्जानंच खणली. तिच्या पाण्यावर शेती उभी राहिली, उत्पन्न व्याजापेक्षा वेगानं वाढलं आणि ते कर्ज आपल्याला जड गेलं नाही. हल्ली आपण रोजच्या खर्चासाठी कर्ज काढतो. शिवाय पहिली पिढी म्हातारी झालीय. औषधपाणी वाढलं, आणि त्या मानानं कमावते हात कमी."

पडद्यावर पुढच्या तीस वर्षांचा आलेख आला. व्याजाची रेघ आधी सरपटत गेली, मग एकदम उभी चढली. शाळेच्या आणि दवाखान्याच्या खर्चालाही तिनं मागं टाकलं.

"असं होणार?" स्वरदा घाबरली.

"आहे तसंच चालू ठेवलं तर. आज थोडं वळलो, तर पुरेल. उशीर केला, तर फार मोठं वळण घ्यावं लागेल."

वस्तीच्या सभेत आत्यानं हाच आलेख दाखवला. लोकांनी आरडाओरडा केला. पहिल्या तुकडीतले वृद्ध खाणकामगार तुकोजी भोईटे काठी टेकत उठले.

"ताई, आमची औषधं तोडणार का?"

"नाही, काका. तुमच्या औषधांना हात लावणार नाही. ज्यांची कमाई तुटपुंजी, त्यांना हवापट्टी माफ. बाकीच्यांनी भरायची, आणि बड्या शेतमालकांनी थोडी जास्त. कर्ज काढायचं ते फक्त पुढे उत्पन्न देणाऱ्या कामासाठी."

"पुढच्या निवडणुकीत खुर्ची जाईल तुमची!" मागून कोणीतरी ओरडलं.

"जाईल," आत्या शांतपणे म्हणाली. "पण ही मुलं मोठी होतील तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी उरलं पाहिजे."

तुकोजींनी सर्वांत आधी हात वर केला. मग एकेक हात वर होत गेला. योजना जेमतेम बहुमतानं मंजूर झाली.

खुर्ची मात्र खरंच गेली. आत्या शाळेत गणित शिकवू लागली. नव्या अर्थप्रमुखांनी तिची योजना मोडली नाही. तूट हळूहळू घटली. कर्ज संपलं नाही, पण उत्पन्न आता त्याच्यापेक्षा वेगानं वाढत होतं. आत्याचं नाव कोणी फारसं काढत नसे. तिला त्याचं काहीच वाटत नसे, आणि याचंच स्वरदाला सर्वांत नवल वाटायचं.

स्वरदा सोळा वर्षांची झाली, त्या वर्षी पलीकडच्या दरीत सौरऊर्जेचं मोठं केंद्र उभारायचा प्रस्ताव आला. लोहितपूर पैसे परत करतं, असा भरवसा बसल्यामुळे पृथ्वीवरचे लोक कमी व्याजानं पैसे द्यायला तयार होते. तरी सभेत कुजबुज सुरू झाली. पुन्हा कर्ज?

"वीज विकून किती मिळतील?" स्वरदानं उभं राहून विचारलं. "आणि व्याज किती जाईल?"

आकडे पडद्यावर आले. उत्पन्नाची रेघ व्याजाच्या बरीच वर होती.

स्वरदानं वळून पाहिलं. मागच्या रांगेत, सगळ्यांच्या आधी, आत्याचा हात वर गेला होता.

"काढा कर्ज!" आत्या हसत म्हणाली.