आणि तोही बंद पडला तर?

त्याची-माझी ओळख झाली ती माझ्याच टेबलाखाली. आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एका पेशंटचा रिपोर्ट, कॉम्प्युटरच्या म्हणण्याप्रमाणे, रक्त काढायच्या आधीच तयार झाला होता. प्रत्येक मशीनचं घड्याळ आपल्याच तालात. ती जुळवायला आलेला नेटवर्कवाला केबलींच्या गुंत्यात शिरला होता आणि मी वाकून त्याला प्रश्न विचारत होते.

"वेळ सांगणारा एक सर्व्हर बसवतोय. बाकीची मशीनं त्याला विचारतील."

"आणि तो बंद पडला तर?"

"दुसरा आहे."

"तोही बंद पडला... किंवा चुकीचीच वेळ सांगायला लागला तर?"

टेबलाखालून डोकं बाहेर आलं. केसांत जळमट, डोळ्यांत हसू. "म्हणून ते दोघं बाहेरच्या चार घड्याळांना विचारतात. एकाने थापा मारल्या, तर उरलेली तिघं त्याला खोटं पाडतात."

"आणि चौघंही—"

"मॅडम, तुम्ही आमच्या खात्यात का नाही आलात?"

मोठ्या सिस्टर हसल्या. "अहो, ती अशीच आहे. आभाळ कोसळेल म्हणून पर्समध्ये छत्री ठेवणारी."

माझ्या 'तर'ला सगळेच हसतात. माझ्या लेकीचे, ठमीचे बाबा ती रांगायच्या आधीच वेगळे झाले. जाताना म्हणाले होते, तुझ्या काळजीत जीव गुदमरतो माझा. तेव्हापासून निम्मे 'तर' मी गिळूनच टाकत होते. हा मात्र स्टूल ओढून बसला. "विचारा ना. मला असं कोणी विचारतच नाही."

काम संपलं तरी तो येतच राहिला.

"आज काय बिघडलं?"

"काही नाही. तपासतोय."

तपासणी नेमकी चहाच्या वेळेलाच का निघते, हे माझ्या आधी सिस्टरना कळलं.

एकदा त्याने मला मशीनची खोली दाखवली. गारठलेली, घुं-घुं करणारी. दोन्ही सर्व्हर त्याने लेकरांसारखे कौतुकाने दाखवले. माझी नजर मात्र सवयीने वायरींमागे गेली. रांगतं मूल असलेल्या घरात आधी प्लगच दिसतात.

"दोन्ही एकाच बोर्डावर?"

त्याचे कान लाल झाले.

"घड्याळं चार, सर्व्हर दोन... आणि बटण एक."

"कोणाला सांगू नका."

"बदल्यात काय?"

"एक प्रश्न. तुमच्याच पद्धतीचा." आता तो हसत नव्हता. "तुम्ही कामात अडकलात, तर ठमीला पाळणाघरातून कोण आणतं?"

"मीच."

"तुम्हाला ताप आला तर?"

"ताप अंगावर काढून... मीच."

त्याने एक सर्व्हर बंद केला आणि त्याचा प्लग पलीकडच्या भिंतीवरच्या बोर्डात नेऊन लावला. तेवढ्या वेळात सगळी मशीनं दुसऱ्याला विचारत राहिली. कुठेच काही अडलं नाही. पाठमोराच तो म्हणाला, "दुसरं कोणी नकोच आहे का?"

"कोणी टिकेल असं वाटत नाही. माझ्या काळजीचा जाच होतो लोकांना."

"मी पगारच काळजी करण्याचा घेतो," तो म्हणाला. "आणि मला घाई नाही. आधी ठमीला तरी भेटू द्या."

ठमीने त्याला सहज पास केलं नाही. कित्येक संध्याकाळी तो माझ्यासोबत पाळणाघराच्या दारात यायचा आणि ती त्याच्या हातात फक्त एक बूट द्यायची. मग एके दिवशी दुसराही दिला. नंतर पाय पुढे केला.

परवा ऐन निघायच्या वेळेला तपासणीच्या बाटल्यांचा ढीग आला. मी एका हाताने ट्रे धरला, दुसऱ्याने पाळणाघराला फोन लावला. "ठमीला न्यायला आज मी नाही येणार. दुसरं कोणीतरी येईल."

पलीकडून ताईंनी विचारलं, "कोण? भाऊ आहेत का तुमचे?"

"नाही..." जीभ अडखळली. "माझा होणारा नवरा."

मागे काहीतरी खणकन पडलं. दारात तो उभा होता, हातातली किल्ली फरशीवर.

"हे मला कधी कळणार होतं?"

"आत्ता कळलं ना," मी ट्रेमधून मान वर न करता म्हटलं. "मग निघ लवकर. ती दारात येऊन बसली असेल."